निकॉन झेड ८ कॅमेरा हातात कसा वाटतो? बडोद्यात गरबा आणि लग्नं टिपायला घ्यावा का?
घ्या, पण आधी लेन्स लावून थोडा वेळ हातात धरून बघा. बॅटरी-कार्डासकट बॉडी ९१० ग्रॅम; २४-७० एफ २.८ ही झूम लेन्स चढवली की पावणेदोन किलोच्या आसपास. ग्रिप मात्र खोल आहे, करंगळीसुद्धा नीट बसते.

गरब्यात खरी कामाची गोष्ट म्हणजे स्क्रीन. कॅमेरा उभा धरला तरी ती वर वळते, त्यामुळे अगदी जमिनीलगतून चनियाचोळीचा घेर फ्रेममध्ये घेता येतो. ऑन-ऑफचा खटका पुढे ढकलला की बटणं उजळतात, अंधारात चाचपडावं लागत नाही. मेकॅनिकल शटर (फोटो काढताना खटकन आवाज करणारा पडदा) नाहीच, म्हणून सप्तपदी चालू असताना आवाज पूर्ण बंद ठेवता येतो. जादा बॅटऱ्या घ्याच. व्लॉगिंगसाठी नको, स्क्रीन समोर वळत नाही.