वाचकांचे प्रश्न : नायकाचा दोष आणि लेखकाची रचना

प्रश्न : मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. शोकात्मिकांवर लिहिताना आम्ही नायकाचा दोष एका शब्दात सांगतो. मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा संशय, हॅम्लेटची दिरंगाई. माझ्या निबंधावर ‘वरवरचे विवेचन’ असा शेरा आला. दोष एका शब्दात सांगणे चूक आहे का?

उत्तर : चूक नाही, परंतु त्या शब्दापाशी विवेचन सुरू व्हायला हवे आणि बहुतेक निबंधांत ते तिथेच संपते. हॅम्लेट दिरंगाई करतो म्हणावे, तर पडद्याआड कोण उभे आहे हे न पाहताच तलवार खुपसून पोलोनियस या दरबाऱ्याचा जीव घेणाराही हॅम्लेटच असतो. मॅकबेथ महत्त्वाकांक्षी आहे म्हणावे, तर चेटकिणी जसे मॅकबेथला तो राजा होईल असे सांगतात, तसेच त्याचा सहकारी सेनापती बँको यालाही त्याचे वंशज राजे होतील असे सांगतात. भविष्य दोघेही ऐकतात आणि खून एकच जण करतो. एकशब्दी उत्तराने हा फरक उलगडत नाही.

अडचणीचे एक कारण आपल्या ‘दोष’ या शब्दातही आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त हमार्तिया हा शब्द योजला, त्याच्या मुळाशी नेम चुकणे हा अर्थ आहे. मराठीत त्याचा ‘दोष’ झाला की स्वभावावरचा डाग डोळ्यांपुढे येतो आणि आपण तो शोधू लागतो. ॲरिस्टॉटलच्या मते मात्र शोकात्मिकेचा नायक दुष्टपणामुळे नव्हे, तर अशा एखाद्या हमार्तियामुळे दुर्दैवाच्या फेऱ्यात सापडतो. सोफोक्लीसचा ईडिपस पाहावा. सत्य कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. याच वृत्तीने त्याने स्फिंक्सचे कोडे सोडवून थीब्ज नगरी वाचवलेली असते, आणि याच वृत्तीमुळे, पत्नी योकास्टा काकुळतीला येऊन ‘आता चौकशी पुरे’ म्हणत असतानाही, तो थांबत नाही. जो गुण त्याला राजा करतो तोच त्याला आंधळा करतो. त्यातला गुण कोणता आणि दोष कोणता, अशी फाळणी करता येत नाही.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तही हेच दिसते. त्यातल्या वकील सुधाकराचा दोष विचारला की ‘दारू’ असे उत्तर येते. पण प्याला हाती येण्याआधीच न्यायालयात त्याचा अपमान होतो, तो भडकतो, त्याची वकिलीची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते, आणि त्या अपमानाचा विसर पडावा म्हणून तळीराम प्याला पुढे करतो. दारू हा त्याच्या ऱ्हासाचा मार्ग आहे. त्याची सुरुवात त्याच्या मानी स्वभावात आहे, आणि तो मानी नसता तर आपल्याला त्याच्याविषयी एवढी हळहळही वाटली नसती.

तेव्हा पुढच्या निबंधात दोषाचे नाव लिहिल्यावर तो कोणत्या प्रसंगात, कोणत्या शब्दांत दिसतो तेही दाखवावे. मॅकबेथचेच उदाहरण घेऊ. राजा डंकनच्या खुनानंतर मॅकबेथ आपल्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहत राहतो आणि सारा समुद्रही हे रक्त धुऊ शकणार नाही असे त्याला वाटते. लेडी मॅकबेथ मात्र थोडे पाणी लावले की झाले, असे म्हणून त्याला हात धुवायला पाठवते. पाचव्या अंकात तीच झोपेत चालत येते आणि पाणी नसतानाही हात चोळत राहते. ती पाव पाव तास असे करते, असे दासी वैद्याला सांगते. आजवर पद्यात बोललेल्या या स्त्रीच्या तोंडी शेक्सपिअरने इथे तुटक गद्य घातले आहे. ज्या मनाला छंदाचा तोल सांभाळता येत नाही, ते मन कोणत्या अवस्थेत असेल हे सांगायला निराळे वाक्य लागत नाही. आणि त्याच अंकात, खुनाच्या रात्री प्रत्येक आवाजाला दचकणारा मॅकबेथ म्हणतो की भीतीची चवच आपण जवळजवळ विसरलो आहोत. नवऱ्याची भीती बायकोकडे गेली आणि तिचा निगरगट्टपणा त्याच्याकडे आला. ‘महत्त्वाकांक्षा’ या शब्दात ही अदलाबदल मावत नाही.

प्रश्न : ‘मादाम बोव्हारी’ वाचताना लेखक एमाच्या बाजूचा आहे की विरुद्ध, हे शेवटपर्यंत कळले नाही. लेखकाने कुठे तरी आपले मत द्यायला नको का?

उत्तर : हा प्रश्न न्यायालयातही उपस्थित झाला होता. फ्लोबेरची ही कादंबरी १८५६ मध्ये नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८५७ च्या प्रारंभी सार्वजनिक नीतीला व धर्माला बाधा आणल्याच्या आरोपावरून पॅरिसमध्ये तिच्यावर खटला चालला. सरकारी वकिलाचा एक मोठा आक्षेप पुढील प्रसंगावर होता. रॉदॉल्फ या प्रियकराशी प्रथमच संबंध आल्यानंतर कादंबरीची विवाहित नायिका एमा आरशात स्वतःला पाहते आणि ‘मला प्रियकर आहे’ असे मनाशी पुन्हा पुन्हा म्हणते. मग तिचे हे बोलणे संपते, पण सूर तिचाच राहतो : ज्याची आशा सोडली होती ते प्रेमाचे सुख आता तिला मिळणार होते. वकिलाने ही वाक्ये लेखकाची मानली आणि तो व्यभिचाराचे गुणगान करतो असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फ्लोबेर निर्दोष सुटला.

वकिलाला जे उमगले नाही त्याला समीक्षेत मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात. ते समजण्यासाठी ही तीन वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत. ‘ती मनात म्हणाली, मी आता सुखी होणार.’ ‘आपण आता सुखी होणार, असे तिला वाटले.’ ‘आता ती सुखी होणार होती.’ पहिल्या दोहोंत ‘म्हणाली’ आणि ‘वाटले’ हे शब्द विचाराचा धनी कोण ते सांगतात. तिसऱ्यात तसा शब्द नाही, ‘आपण’ जाऊन निवेदकाचे ‘ती’ आले आहे, आणि तरीही त्यातला ‘आता’ एमाचाच आहे. निवेदकाच्या व्याकरणात पात्राचा श्वास मिसळतो तो असा. मराठी अनुवादात पुष्कळदा स्पष्टतेसाठी ‘असे तिला वाटले’ ही पुस्ती जोडली जाते, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्या तीन शब्दांनी वाचकाचे काम अनुवादकच उरकून टाकतो.

एमाचा दोष याच तंत्राने दाखवता येण्यासारखा आहे. ती स्वतःच्या भावनाही उसन्या शब्दांत अनुभवते; आरशाच्या प्रसंगातच पुढे तिला पुस्तकांत वाचलेल्या नायिका आठवतात आणि आपण त्यांच्यातल्याच एक झालो असे वाटते. ‘हे शब्द उसने आहेत’ असे निवेदकाने सांगितले असते, तर आपण लगेच मान डोलावली असती. इथे मात्र आपण त्या शब्दांनी आधी भारावतो आणि मग सावध होतो.

लेखकाचे मत आपल्याला हवेच असेल, तर ते त्याच्या मांडणीत शोधावे. कृषिप्रदर्शनाच्या प्रकरणात रॉदॉल्फ एमाजवळ बसून प्रेमाच्या गोष्टी करीत असतो आणि खाली मैदानात बक्षिसे जाहीर होत असतात. शंभरदा निघून जावेसे वाटले पण तुमच्यामागे आलो, असे तो म्हणतो, आणि लगेच पुढच्या ओळीत खालून घोषणा होते ती शेणखताच्या बक्षिसाची. फ्लोबेर यावर काहीही भाष्य करीत नाही.

प्रश्न : सदोष पात्राविषयी वाचकाला सहानुभूती वाटायला लावणे म्हणजे त्याच्या वर्तनाचे समर्थन करणे नव्हे काय?

उत्तर : नाही. सहानुभूती वाटते ती आपण पात्राच्या डोळ्यांनी पाहू लागतो म्हणून, आणि चांगला लेखक एकाच पात्राचे डोळे आपल्याला शेवटपर्यंत उसने देत नाही. टॉलस्टॉयच्या कादंबरीत पुढे प्रियकर होणाऱ्या व्रॉन्स्कीची ओळख झाल्यावर ॲना कारेनिना पीटर्सबर्गला परतते, तेव्हा स्थानकावर न्यायला आलेल्या नवऱ्याला पाहून तिच्या मनात प्रथम येते ते हे, की याचे कान असे कसे झाले. कान होते तसेच आहेत. बदलली आहे ती ॲनाची नजर, आणि ती क्षणभर आपलीही होते. पण पुढे ॲना आजारपणात मरणाच्या दारी असते, तेव्हा हाच नवरा, करेनिन, तिच्या उशाशी रडतो, तिला क्षमा करतो आणि व्रॉन्स्कीलाही करतो. स्थानकावर ॲनाबरोबर ज्या वाचकाला ते कान खटकले होते, त्याला इथे करेनिनचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसतो.