भाड्यातून हप्ता फिटतो का?

प्रश्न : चाकणला कंपनीत आहे. वय 29, लग्न व्हायचंय. नऊ लाख साठलेत. 30 लाखांचा वन बीएचके गुंतवणूक म्हणून घे, असं एजंट म्हणतो. ताबा दोन वर्षांनी. ‘भाड्यातूनच हप्ता फिटेल, फक्त बुकिंगला पाच लाख लगेच भर.’ भरू का?

उत्तर : नका भरू. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा कायदा; त्याच्या कलम 13 नुसार करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. म्हणजे तुमच्याकडून तीन लाख, तेही जास्तीत जास्त. एजंटाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

आता हप्ता. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, तेव्हा आधी आकडे. 24 लाख कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं : हप्ता साधारण 20,800. भाडं किती येतं ते तुम्हीच बिऱ्हाडकरूंना विचारा, एजंटाला नव्हे. दहा हजार धरू. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा करा. वर्षाला लाखभर उरले तर नशीब. तीस लाखांवर लाख! मुदत ठेव याहून बरं देते. आणि ताबा मिळेपर्यंत तर भाडं शून्य, बँकेचं व्याज मात्र सुरू.

शिवाय तुमचे नऊ लाख उरतात कुठे? सहा लाख स्वतःचे, मुद्रांक सहा-सात टक्के, नोंदणी 30 हजार, वर जीएसटी. लग्नाला हात रिकामे.

भाव वाढेल, हे खरंही असेल. पण तोवर दरमहा बारा-साडेबारा हजार खिशातून घालायची तयारी हवी, नोकरी गेली तरी.

लग्नानंतर स्वतः राहणार असाल तर गोष्ट निराळी. वाचलेलं भाडं तुमचंच. तसं असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळालेला तयार फ्लॅट बघा, बिल्डरकडूनच घेतलात तरी त्यावर जीएसटी नाही. त्याच इमारतीतले व्यवहार खरोखर कितीला झाले, ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराच्या उताऱ्यात, दिसतं. घासाघीस तिथून सुरू करा. बांधकाम चालू असलेलाच हवा असेल, तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची मूळ तारीख किती वेळा पुढे ढकलली ते पाहा.

निव्वळ गुंतवणूकच करायची आहे? मग शेअर बाजारातले रीट, म्हणजे भाड्याच्या इमारती बाळगणारे ट्रस्ट, पाहा. काही शे रुपयांत एक युनिट मिळतं, ऑफिस इमारतींच्या भाड्यातला वाटा येतो. भाव खालीवर होतो, पण गरज पडली तर विकून मोकळं होता येतं.