समुद्रतळाच्या कृमींना नाव देण्यात करिअर आहे का?

सप्रेम नमस्कार,

आपलं पत्र मिळालं. आपली मुलगी चिपळूणला एस.वाय.बी.एस्सी.ला प्राणीशास्त्र शिकते आहे. देवमाशांची हाडं खाणाऱ्या ओसेडॅक्स या कृमीबद्दल वाचल्यापासून 'मला असल्या प्राण्यांचं वर्गीकरण करायचंय' असं ती म्हणते. घरच्यांना मात्र वाटतं की तिने बी.एड. करून शाळेत लागावं. 'किड्याला नाव देऊन पोट भरतं का?' हा आपला प्रश्न अगदी रास्त आहे. माझं उत्तर असं की नाव देण्याचे पैसे कोणी देत नाही. पण तिथवर पोहोचताना जे शिकावं लागतं, त्यावर पोट नक्की भरतं.

ते काय असतं, हे तिच्या आवडत्या कृमीवरूनच सांगतो. फेब्रुवारी 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात, सुमारे 2,900 मीटर खोलीवर, दूरनियंत्रित यानाच्या कॅमेऱ्यात देवमाशाचा सांगाडा दिसला. हाडांवर लाल पिसाऱ्याच्या कृमींची दाटी होती. त्यांना तोंड नाही, आतडंही नाही. मुळांसारखा भाग हाडात शिरतो, आम्लाने हाड विरघळवतो आणि त्या मुळांत राहणारे जीवाणू पोषणाला हातभार लावतात. दिसत होत्या त्या सगळ्या माद्या. नर सूक्ष्मदर्शकाखालीच सापडले, एकेका मादीच्या नळीत कधी शंभराहून जास्त. ग्रेग राउझ, शाना गॉफ्रेडी आणि रॉबर्ट व्ह्रायनहुक यांनी 2004 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ओसेडॅक्स हा नवा वंश (जवळच्या जातींचा गट) आणि त्याच्या 2 जाती जाहीर केल्या. रुबिप्लुमस हे नाव लाल पिसाऱ्यावरून आलं आणि फ्रँकप्रेसी हे भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रँक प्रेस यांच्यावरून.

तोंड-आतडं नसलेला प्राणी नेमका कुठल्या गटात बसवायचा, हा खरा अवघड भाग. ओसेडॅक्सला सिबोग्लिनिडी या कुलात (कुल म्हणजे अनेक वंशांचा गट) जागा मिळाली ती डीएनएच्या पुराव्यावर. चिमुकल्या नरांच्या अंगावरचे आकड्यांसारखे केसही त्याच कुलाकडे बोट दाखवत होते. या कुलाचा इतिहास मुलीला जरूर वाचायला सांगा. त्यातले पहिले नमुने 'सिबोगा' या डच जहाजाच्या 1899-1900च्या मोहिमेत इंडोनेशियाच्या समुद्रातून आले. हे प्राणी लांब आणि नाजूक, त्यामुळे वर ओढताना शेपटाकडचा भाग तुटून खालीच राहायचा. हाती आलेल्या अर्धवट शरीरावरून पुढे त्यांचा स्वतंत्र संघच, म्हणजे प्राण्यांच्या वर्गीकरणातला कुलाहून कितीतरी मोठा गट, मानला गेला. 1964 मध्ये तो मागचा, खंडांचा आणि केसांचा भाग प्रथम नीट समोर आला, तेव्हा गांडुळांच्या, म्हणजे वलयी प्राण्यांच्या, नात्याची शंका बळावली. 1990च्या दशकात शरीररचनेच्या आणि डीएनएच्या नव्या अभ्यासांनी ती खरी ठरवली. संघ म्हणून मिरवलेला गट अखेर एका कुलाएवढा उरला. तुटक्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष दुरुस्त व्हायला इतकी वर्षं लागली. मला हे काम मोलाचं वाटतं ते अशा दुरुस्त्यांमुळे.

वेळही फार लागतो. मॉन्टेरेच्या परिसरातले ओसेडॅक्सचे अनेक प्रकार 2009 मध्येच डीएनएवरून वेगळे ओळखता आले होते, पण त्यांना 'पिवळी कॉलर', 'नारिंगी कॉलर' अशी कामचलाऊ नावंच होती. 2018 मध्ये एकाच शोधनिबंधात 14 नव्या जातींची रीतसर वर्णनं आली. रीतसर म्हणजे वर्णन, इतर जातींपासूनचा फरक आणि संग्रहालयात कायमचा ठेवलेला मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप. यातलं काही राहिलं तर आंतरराष्ट्रीय नियमांत नाव टिकत नाही. आणि नव्या जातीला स्वतःचंच नाव न देण्याचा संकेत जवळपास सगळेच पाळतात, हे तिला आत्ताच माहीत असलेलं बरं.

आता नोकरीचं. निव्वळ वर्गीकरणाच्या कायम जागा थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया (पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला), गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोचीचं सागरी जीवसंपदा केंद्र ही मुख्य ठिकाणं. बरीच वर्षं प्रकल्पावरच्या तात्पुरत्या जागांवर निघू शकतात. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. घरी पैशाची तातडी असेल तर हा हिशेब आधी मांडा.

पण मागणी आहे, आणि ती वाढेल असं माझं मत आहे. बंदर, पाइपलाइन, सांडपाण्याची वाहिनी असं काही किनाऱ्यावर करायचं तर पर्यावरण अहवालात तळाच्या चिखलातल्या प्राण्यांची यादी लागते, आणि तिथे पॉलिकीट, म्हणजे अंगावर केस असलेले समुद्री वलयी, कृमीच बहुसंख्य असतात. ते जातीपर्यंत अचूक ओळखणारी माणसं फार कमी. खोल समुद्राचंही तसंच. मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटरवर धातूंचे गोळे शोधण्याचा करार भारताकडे आहे, आणि तळाला हात लावण्याआधी तिथे कोण राहतं याची नोंद करावी लागते. प्रशांत महासागरातल्या अशाच पट्ट्यात सापडलेल्या जातींपैकी सुमारे नऊ दशांश अजून बिननावाच्या आहेत.

तेव्हा तिने पदवी पुरी करावी आणि सागरी विज्ञान किंवा सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करावी. गोवा विद्यापीठ, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ (कुसाट) आणि तमिळनाडूत परंगीपेट्टईचं अण्णामलै विद्यापीठाचं केंद्र या तिन्ही ठिकाणी अर्ज करावा. सोबत डीएनए अनुक्रमांचं विश्लेषण, संख्याशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हाताने अचूक आकृती काढणं शिकावं. वर्गीकरण सुटलं तरी या तिन्हीवर काम मिळतं.

निर्णयाआधी एक करा. या सुट्टीत प्राध्यापकांच्या मदतीने तिला दाभोळच्या खाडीतला चिखल चाळू द्या. त्यातले पॉलिकीट कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली निदान कुलापर्यंत ओळखू द्या. केस मोजत, आकृत्या काढत, एकाच नमुन्यावर दिवस घालवताना ती रमते का, हे आपल्याला घरबसल्या दिसेल. रमली तर बी.एड.चा आग्रह एम.एस्सी. होईपर्यंत बाजूला ठेवा. ते नंतरही करता येतं. कंटाळली तर तसं मला मोकळेपणाने कळवा. प्राणीशास्त्राच्या पदवीवर दुसरे रस्ते कोणते, त्यावर आपण बोलू.