लावलेले केस गळाले. आता मुलीकडच्यांना काय सांगू?

पत्र : मी ३१ वर्षांचा आहे. भांडुपला आईवडिलांसोबत राहतो आणि लोअर परळला नोकरी करतो. आठ आठवड्यांपूर्वी कर्ज काढून केशरोपण करून घेतले. तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळू लागले आणि आता कपाळ पूर्वीपेक्षाही मोठे दिसते. क्लिनिकला फोन केला तर पीआरपीचे (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव डोक्याच्या त्वचेत टोचण्याचे) पॅकेज घ्या, एवढेच सांगतात. डॉक्टरांनी केसगळती रोखण्यासाठी दिलेली फिनास्टेराइडची गोळी मी थोड्याच दिवसांत सोडली, कारण ‘लग्न व्हायचे आहे, असली गोळी घेऊ नकोस’ असे मित्र म्हणाला. पुढच्या महिन्यात दादरला मुलगी पाहायला जायचे आहे. साखरपुडा होईपर्यंत कोणाला काही बोलू नकोस, असे आईचे म्हणणे आहे. माझे पैसे बुडाले का? आणि मुलीला सांगावे का?

उत्तर :

आधी पैशांविषयी लिहिते, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. तुम्ही जे वर्णन केले आहे, त्यावरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही. डोक्याच्या मागच्या भागातून काढलेले केसाचे मूळ पुढे बसवले की काही काळ त्याचा रक्तपुरवठा तुटतो, ते विश्रांतीच्या अवस्थेत जाते आणि वर दिसणारा केस टाकून देते. मूळ मात्र त्वचेखाली शाबूत असते. ही गळती बहुधा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. आजूबाजूचे तुमचे मूळचे काही केसही त्या धक्क्याने गळतात, म्हणून कपाळ पूर्वीपेक्षा मोठे दिसते. तेही बहुतेक वेळा परत येतात. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवू लागतात, सुरुवातीला बारीक आणि थोडे वाकडे असतात, सहाव्या महिन्याच्या सुमारास डोळ्यांत भरू लागतात आणि पूर्ण निकाल कळायला निदान बारा महिने लागतात. हे शस्त्रक्रियेपूर्वी तुम्हाला समजावून सांगणे क्लिनिकचे कर्तव्य होते. तसे झाले असते तर हे पत्र लिहिण्याची वेळ बहुधा आली नसती.

रोपणाच्या जागी एखाददुसरी पुटकुळी आली तर घाबरू नका; नवा केस बाहेर येताना असे होते. पू, ठणका, ताप किंवा पसरत जाणारी लाली दिसली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सैल टोपी चालेल आणि दुपारच्या उन्हात ती हवीच. कांद्याचा रस लावू नका, त्याने त्वचा चुरचुरते. खोबरेल तेल लावून आईच्या मनाला बरे वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून लावा, पण त्याने केस उगवत नाहीत. (मुंबईत टक्कल पडू लागले की पहिला आरोप टँकरच्या पाण्यावर होतो. पाण्याने केस राठ होतील. कपाळापासून मागे सरकत जाणारे टक्कल आनुवंशिकतेचे आणि डीएचटी या संप्रेरकाचे काम आहे, आणि हा वारसा आई व वडील दोघांकडूनही येऊ शकतो.)

खरी काळजी मला तुमच्या सोडलेल्या गोळीची वाटते. मागून आणलेल्या केसांवर डीएचटीचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून तर ते आणतात. पण त्यांच्या मागे उभे असलेले तुमचे मूळचे केस पूर्वीसारखेच विरळ होत राहणार. ३१ व्या वर्षी औषधाविना केशरोपण केले, तर काही वर्षांनी पुढे केसांची पट्टी आणि तिच्यामागे मोकळे मैदान अशी स्थिती होऊ शकते, आणि डोक्याच्या मागून काढता येणारे केस मोजकेच असतात. फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनण्याची क्रिया अडवते. अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. तिचा उपयोग दिसायला काही महिने लागतात आणि ती थांबवली की मिळवलेले वर्षभरात गमावले जाते.

तुमच्या मित्राची भीती निराधार नाही, अतिरंजित आहे. कामेच्छा कमी होणे किंवा ताठरतेची अडचण येणे हे दुष्परिणाम चाचण्यांत शंभरात एखाददोघांना दिसले, आणि बहुतेकांचे गोळी थांबवल्यावर गेले. काही जणांनी मात्र ते पुढेही टिकल्याची तक्रार केली आहे. काहींचे मन खिन्न होते. युरोपीय औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येच्या विचारांची नोंद या औषधाच्या दुष्परिणामांत पक्की केली. पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि गोळी घेताना मन बदलल्यासारखे वाटले तर ती थांबवून लगेच त्यांना भेटा. लग्नानंतर मूल हवे असेल तेव्हाही बोला, कारण क्वचित वीर्याच्या दर्जावर परिणाम होतो, आणि फुटलेल्या गोळीला गरोदर स्त्रीने हात लावू नये. हे सगळे ऐकून गोळी नकोच असे ठरवलेत, तरी तो निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा असू द्या, कट्ट्यावरचा नको. मिनॉक्सिडिल हा दुसरा उपाय आहे. ते डोक्याला लावायचे असते, सुरुवातीच्या आठवड्यांत त्यानेही थोडे केस गळतात, आणि तेही सोडले की फायदा जातो.

पीआरपीने काहींना थोडा लाभ होतो, पण तुमचे आठव्या आठवड्यातले केस परत आणण्यासाठी त्याची गरज नाही. फोनवरच्या समुपदेशकाला पैसे देऊ नका. ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांची प्रत्यक्ष भेट मागा आणि ते त्वचारोगतज्ज्ञ की प्लास्टिक सर्जन हे विचारा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की केशरोपण तंत्रज्ञांनी करायचे काम नाही. उत्तर टाळले गेले तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचाविभाग असतो आणि तिथे कोणी पॅकेज गळ्यात मारत नाही.

आता दादरचे. तुमच्या आईंना त्यांच्या काळजीपोटी जे वाटते ते मी समजू शकते, तरी त्यांचा सल्ला मला पटत नाही. टोपी घालून कांदेपोहे खायला बसलात, तर मुलगी टोपीकडेच पाहील. पहिल्याच दिवशी वडीलधाऱ्यांसमोर वैद्यकीय इतिहास वाचून दाखवण्याची गरज नाही. पण तुम्हा दोघांना बोलायला वेळ दिला जाईल तेव्हा, किंवा उशिरात उशिरा होकार-नकार ठरण्याआधी, तिला सरळ सांगा : ‘माझे केस गळत होते, म्हणून केशरोपण केले आहे. सध्या विरळ दिसतात, काही महिन्यांत वाढतील, आणि पुढे बहुधा औषध चालू ठेवावे लागेल.’ कर्जाचे किती हप्ते उरले आहेत हेही त्याच वेळी सांगा, कारण संसाराच्या हिशेबात तिला केसांपेक्षा ते अधिक महत्त्वाचे वाटू शकते. आईंना हे आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तिथे बसून त्या विषय बदलणार नाहीत. भेट दोन-तीन महिने पुढे ढकलावीशी वाटली तर तसेही करा, मात्र कारण विचारले तर खरे तेच सांगा.