जुन्या हार्ड डिस्कवरचे फोल्डर नव्या लॅपटॉपवर उघडत नाहीत, फॉरमॅट करू का?

तुमचा जुना लॅपटॉप बंद पडलाय, फोटो आणि कागदपत्रं एक्स्टर्नल डिस्कवर आहेत आणि नव्या विंडोज लॅपटॉपवर काही फोल्डर 'ॲक्सेस डिनाइड' म्हणतायत. फॉरमॅट अजिबात करू नका. तुमचा डेटा जागेवरच आहे, फक्त त्याचा मालक विंडोजला ओळखू येत नाहीये.

एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडून ठेवायची नेहमीची पद्धत) डिस्कवर फाइलचा मालक नावाने लिहिलेला नसतो, एका लांबलचक आकड्याने असतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी' टॅब उघडलात तर नावाच्या जागी 'एस-१-५-२१'ने सुरू होणारी आकड्यांची माळ दिसेल. ते तुमचं जुन्या लॅपटॉपवरचं खातं. नव्या लॅपटॉपवर तुम्ही तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवलात तरी आकडा वेगळाच पडतो, म्हणून विंडोजच्या लेखी तुम्ही परके.

पण हात लावण्याआधी मेसेज नीट वाचा. 'आय/ओ एरर' किंवा 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असं काही येत असेल, तर दुखणं परमिशनचं नाही, डिस्कचं किंवा केबलचं आहे. तिथे परमिशन बदलायला जाऊ नका, कारण त्यात प्रत्येक फाइलची नोंद नव्याने लिहिली जाते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढाही ताण नको.

आता उपाय. फोल्डर उघडताना जो 'कंटिन्यू' येतो तो कधी चालतो, कधी पुन्हा नकार देतो. चालला नाही तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर 'ओनर'समोर 'मालक दाखवता येत नाही' अशा अर्थाचं वाक्य असेल, त्याच्या शेजारच्या 'चेंज'वर जा. चौकटीत आपलं नाव लिहून 'चेक नेम्स' दाबा. नाव सापडत नसेल तर तिथल्याच ॲडव्हान्स्डमध्ये 'फाइंड नाऊ' दाबून यादीतून निवडा. मग 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स'वर टिक करून अप्लाय. मध्येच 'तुम्हाला फुल कंट्रोल देऊन परमिशन बदलू का' असं विचारलं तर 'येस'. लॅपटॉपवर तुमचं खातं ॲडमिनचं हवं, हे सांगायलाच नको.

बरेच जण इथेच थांबतात. मालकी मिळाली म्हणजे परमिशन मिळालीच असं नाही. मालकाला फक्त परमिशन बदलण्याचा हक्क मिळतो. सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा ॲडव्हान्स्डमध्ये या आणि 'ॲड'मधून फुल कंट्रोल द्या. इथे स्वतःच्या नावाऐवजी 'ऑथेंटिकेटेड युजर्स' हा गट निवडा, असं मी सुचवेन. या गटाचा आकडा, एस-१-५-११, प्रत्येक विंडोजवर सारखाच असतो. पुढच्या लॅपटॉपला डिस्क लावाल तेव्हा हीच कटकट पुन्हा होणार नाही. मी पहिल्यांदा स्वतःचं नाव टाकलं होतं आणि पुढचा लॅपटॉप घेतल्यावर सगळी उठाठेव नव्याने केली. शेवटी 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट'ची टिक विसरू नका, नाहीतर वरचा फोल्डर उघडेल आणि आतले अडून बसतील.

फाइली जास्त असतील तर हे काम रेंगाळतं. माझी केबल अर्ध्यात हलली आणि अर्धे फोल्डर उघडे, अर्धे बंद अशी गंमत झाली. नुकसान काही नाही, पुन्हा पहिल्यापासून चालवलं. तेव्हा डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि लॅपटॉपचं स्लीप बंद करा.

गटाला परमिशन दिली तर कोणीही डिस्क वाचेल ना, अशी शंका येईल. खरं तर आजही कोणीही ॲडमिन वरच्याच पायऱ्यांनी ती वाचू शकतो. परमिशन म्हणजे कुलूप नव्हे. खरं कुलूप हवं असेल तर बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) करायची विंडोजची सोय, लावा. मात्र फाइलच्या चिन्हावर छोटंसं कुलूप दिसत असेल, तर ती जुन्या खात्याने एन्क्रिप्ट केलेली आहे. जुन्या खात्याचं सर्टिफिकेट (ती उघडायची डिजिटल किल्ली) नसेल तर मालकी घेऊनही ती उघडणार नाही.

लिनक्सवरही असंच घडतं. तिथे पहिल्या युजरचा आकडा बहुधा १००० असतो, म्हणून दोन मशीनवर ईएक्सटी४ (लिनक्सचा नेहमीचा फॉरमॅट) डिस्क निव्वळ योगायोगाने चालून जाते आणि तिसऱ्यावर अडते.

डिस्क सतत इकडून तिकडे न्यायची असेल तर, डेटा दुसरीकडे कॉपी करून झाल्यावर, ती एक्सफॅट या साध्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यात मालक, परमिशन काही नसतंच. फक्त 'इजेक्ट' न करता केबल उपटायची सवय असेल तर एनटीएफएसच बरं.