तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : फ्रेंच टोस्ट

प्रश्न : माझा फ्रेंच टोस्ट बाहेरून छान तपकिरी होतो, पण कापला की मधोमध ओला, गिचका निघतो. सहा स्लाइससाठी दोन अंडी आणि एक कप दूध घेते. जास्त वेळ तव्यावर ठेवला तर करपतो. काय चुकतंय?

उत्तर : दूध जास्त होतंय, आणि बहुधा आचही मोठी आहे. तव्यावर आळतं ते अंडं, दूध नाही. दूध जितकं जास्त तितकं अंडं आळायला उशीर, आणि तोवर वरचा भाग करपणार. एका अंड्याला ६० मिली, म्हणजे चार मोठे चमचे दूध पुरे. दोन अंडी, १२० मिली दूध, एक मोठा चमचा साखर आणि चिमूटभर मीठ एवढ्या मिश्रणात दोन सेंटिमीटर जाडीच्या चार स्लाइस होतात. मीठ गाळू नका, त्याशिवाय अंड्याची चव सपक लागते. साखर मात्र वाढवू नका, तव्यावर सगळ्यात आधी तीच करपते.

ब्रेड कालचा घ्या. ताजा, लुसलुशीत ब्रेड मिश्रणात पडला की त्याचा लगदा होतो आणि उचलताना स्लाइस मधोमध तुटते. शिळा नसेल तर स्लाइस १५० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा, पाचव्या मिनिटाला उलटा. त्या नुसत्या कोरड्या व्हायला हव्यात, रंग यायला नको. अशी जाड स्लाइस प्रत्येक बाजूने २० ते ३० सेकंद भिजवायची. पाकिटातली नेहमीची पातळ स्लाइस असेल तर बुडवली, उलटली आणि लगेच काढली, बस्स. उचलल्यावर क्षणभर भांड्यावर धरून निथळू द्या.

मध्यम ते मंद आचेवर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं. झाला की नाही ते उलथण्याने कळतं: मधोमध हलकेच दाबा. टोस्ट परत वर आला तर झाला. कडेतून पिवळसर पाणी सुटलं तर आच आणखी कमी करून, झाकण ठेवून एक-दोन मिनिटं राहू द्या. झाकणाने वरचा कुरकुरीतपणा थोडा जातो, तेव्हा शेवटचं अर्धं मिनिट उघडाच भाजा.

प्रश्न : टोस्टवर अंड्याचे पांढरे डाग दिसतात आणि दालचिनीची पूड पहिल्याच स्लाइसला चिकटते. उपाय?

उत्तर : पांढरा भाग नीट फेटला गेलेला नाही. आधी नुसती अंडी फेटा, काट्यावरून तार पडायची थांबली की मग दूध घाला. तरीही शंका असेल तर गाळून घ्या. दालचिनी कोरडी टाकली की दुधावर तरंगतेच. साखरेत कालवून मग अंड्यात घाला.

प्रश्न : लोणी दर वेळी काळं पडतं. तेलच वापरावं का?

उत्तर : नुसत्या तेलात चव येत नाही. लोण्यातला दुधाचा अंश जळतो, म्हणून काळे कण दिसतात. निम्मं लोणी, निम्मं तेल घ्या किंवा सरळ तूप वापरा. थोडं तेल असलं तरी लोणी मोठ्या आचेवर जळणारच, हे लक्षात ठेवा. आणि दर घाण्यानंतर तवा कागदाने पुसा. आधीचे जळके कण पुढच्या टोस्टला चिकटतात.

प्रश्न : अंडं न घालता जमेल?

उत्तर : जमेल, पण तसा फुगणार नाही. २०० मिली थंड दुधात दोन मोठे सपाट चमचे कस्टर्ड पावडर आणि एक चमचा साखर. पावडर आधी दोन-तीन चमचे दुधात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. ती तळाशी बसते, म्हणून प्रत्येक स्लाइस बुडवण्याआधी मिश्रण ढवळायचं; नाही ढवळलं तर पहिल्या स्लाइसला नुसतं दूध आणि शेवटचीला चिखल. यात ब्रेड भिजत ठेवू नका, फक्त बुडवा. प्रत्येक बाजू मिनिटभर जास्त भाजा, कारण पिठाचा कच्चा वास लवकर जात नाही.