सुपरमार्केटमधली क्राफ्ट बिअर अशी का लागते?

प्रश्न: ब्रूअरीत प्यायलेली आयपीए (कडवट, सुगंधी बिअर) मस्त होती, तीच सुपरमार्केटमधून आणली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. माल डुप्लिकेट असतो का?

उत्तर: डुप्लिकेट नाही हो, शिळी झालीय. ही पुठ्ठ्याची चव ऑक्सिजनमुळे येते, आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा नि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास तर सगळ्यात आधी उडतो, त्यात बाटल्या महिनोन्महिने ट्यूबलाइटखाली गरम शेल्फवर उभ्या असतील तर बिचारा बनवणारा काय करणार! हिरव्या नि पारदर्शक काचेतून उजेड आत गेला की उग्र घाण वास येतो, तपकिरी काच बरीच वाचवते, कॅन सगळ्यात भारी. नुसती एक्सपायरी बघू नका, पॅकिंगची तारीख बघा, आयपीए शक्यतो 3 महिन्यांच्या आतली आणि फ्रिजमधलीच घ्या. स्ट्राँग स्टाउट (गडद काळी बिअर) मात्र थोडी जुनी असली तरी बिनधास्त उचला.